गाडी मुलाची, जिग बाबांचं

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्या सोसायटीत मुलांच्या लाकडी गाड्यांची शर्यत झाली. गाडी उतारावरून सोडायची, इंजिन नाही, धक्का नाही. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाने स्वतः गाडी केली आणि आईबाबांनी ठरवून हात लावला नाही. ती उतार संपल्यावर दोन-तीन फुटांत थांबली. शेजारच्या पट्ट्यांतून स्प्रे मारलेल्या, आरशासारख्या चकचकीत गाड्या निघून गेल्या. त्या कोणी केल्या हे तिथे सगळ्यांना दिसत होतं. घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "पुढच्या वेळी बाबांनाच करू दे." बाबा एका पायावर तयार आहेत. मे महिन्यात पुन्हा शर्यत आहे. बाबांना करू द्यावं का?

ताई, करू द्या. फक्त गाडी करू देऊ नका. बाबांनी काय करायचं ते पुढे सांगतो. त्याआधी तुमच्या मुलाची गाडी का थांबली ते बघू, कारण उत्तर तिथेच आहे.

मी पॅटर्नमेकर. सातपूरच्या आयटीआयमधून बाहेर पडलो आणि पुढची ३४ वर्षं फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न केले. जो भाग बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात ओतायचा त्याची आधी लाकडात हुबेहूब प्रतिकृती करायची, आणि बीड थंड होताना आकसतं म्हणून मीटरला साधारण १० मिलिमीटर जास्तीचं माप धरायचं, असं ते काम. निवृत्तीनंतर दर रविवारी मुलांना सुतारकाम शिकवतो आणि वर्षातून एकदा त्यांच्या गाड्यांची शर्यत घेतो. मुलांनी केलेल्या, बापांनी केलेल्या, आणि बापांनी करून मुलांनी केल्या म्हणून सांगितलेल्या, अशा पुष्कळ गाड्या हातात घेऊन पाहिल्या आहेत.

गाडी उतारावरून सपाटीवर आली आणि लगेच थांबली, याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो. चाक कुठेतरी घासतंय. नऊ वर्षांचं मूल हातोडी घेऊन खिळा ठोकतं तेव्हा तो शेवटपर्यंत ठोकतं. त्याच्या दृष्टीने खिळा म्हणजे पक्का बसवायची वस्तू. इथे मात्र खिळा हाच आस आहे आणि चाकाला त्याच्यावर मोकळं फिरायचंय. खिळ्याचं डोकं आणि चाक, चाक आणि लाकूड, यांच्यामध्ये मिळून एटीएम कार्डाच्या जाडीएवढी फट लागते. तेवढी नसेल तर चाक आवळलं जातं. दुसरं कारण भोक तिरकं पडण्याचं. भोक तिरकं म्हणजे खिळा तिरका, खिळा तिरका म्हणजे चाक तिरकं, आणि मग गाडी सरळ न जाता बाजूच्या पट्टीला घासत जाते. प्रत्येक घासणीला वेग खर्च होतो.

आता लक्षात घ्या, यातली एकही गोष्ट स्प्रेच्या रंगाने सुधारत नाही. गाडीचा आकार निमुळता केला, मोटारीच्या जाहिरातीसारखी केली, तरी या वेगात हवेचा फरक फार थोडा पडतो. आमचा ट्रॅक ३२ फुटांचा आहे, आठ फुटी प्लायवूडच्या चार लांबी जोडून केलेला, सुरुवातीची उंची चार फूट. तीन सेकंदांच्या आसपास शर्यत संपते. त्या तीन सेकंदांत जिंकवतात त्या तीन गोष्टी: सरळ आस, गुळगुळीत खिळा आणि योग्य जागी ठेवलेलं वजन. बाप लोक रात्री जागून आकार आणि रंगावर मेहनत घेतात. जे काम खरोखर वेग देतं ते कंटाळवाणं असतं, बारीक असतं, आणि गंमत म्हणजे ते मुलांना छान जमतं.

सातपूरच्या एका आठ वर्षांच्या मुलीचं काम सांगतो. तिचे वडील तीन पाळ्यांत काम करणारे, त्या आठवड्यात रात्रपाळी होती. बरोबर आजी आली होती. मुलीने खिळा शिकंज्यात धरला आणि त्याच्या डोक्याखालची कड पॉलिश पेपरने घासायला बसली. कारखान्यातून येणाऱ्या खिळ्याला तिथे बारीक बूर असते, बोटाने चाचपलं तर टोचते. आधी १२० नंबरचा पेपर, मग ४००, मग १००० नंबरचा वॉटर पेपर. मी तिला एवढंच सांगितलं होतं की चाक खिळ्यावर घालून बोटाने फिरव आणि थांबेपर्यंत आकडे मोज. पहिल्यांदा ती चारपर्यंत पोचली. मग चाक कानाजवळ धरायला लागली. "काका, इथे खर्र वाजतं," म्हणाली. जिथे वाजलं तिथे पुन्हा घासलं. मग सहा. मग नऊ. आजी खुर्चीत बसून मोबाइलचा उजेड धरत होती आणि तीही मोजत होती. दीड तासाने एकोणीसपर्यंत आकडे गेले, तेव्हा दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं की मला काही बोलायची गरजच उरली नाही. तिची गाडी म्हणजे अक्षरशः ठोकळा होता. पुढचे कोपरे थोडे गोल केलेले, वर निळा पोस्टर कलर. ती दुसरी आली.

मग वडीलधाऱ्यांनी काय करायचं? माझ्या धंद्यातला एक शब्द इथे कामाला येतो: जिग. कारखान्यात एखाद्या भागाला शंभर ठिकाणी एकसारखं भोक पाडायचं असेल तर प्रत्येक वेळी कारागिराच्या नजरेवर अवलंबून राहत नाहीत. एक पक्का साचा करतात, त्यात भाग बसतो, ड्रिलला वाट ठरवून दिलेली असते. नवीन आलेल्या पोरानेही चालवलं तरी भोक सरळच पडतं. जिग करायला अनुभव लागतो. ते वापरायला लागत नाही.

बाबांनी जिग करावं. एक सागाचा किंवा कुठल्याही कठीण लाकडाचा तुकडा घ्यायचा, गुण्या लावून काटकोनात करायचा आणि त्यात ड्रिल स्टँडवर एक नीट सरळ भोक पाडून आणायचं. स्टँड घरी नसतो, पण अंबड-सातपूरला कुठल्याही छोट्या वर्कशॉपमध्ये पाच मिनिटांत होऊन जातं. हा तुकडा गाडीच्या ठोकळ्याला क्लॅम्पने आवळला की मुलगा हँड ड्रिलने त्या भोकातून भोक पाडतो. ड्रिल इकडेतिकडे जाऊच शकत नाही. ड्रिलचं बीट खिळ्यापेक्षा किंचित बारीक घ्या म्हणजे खिळा घट्ट बसेल. दुसरं जिग त्याहून सोपं. प्लास्टिकचं एखादं बाद झालेलं कार्ड घेऊन त्याला खिळ्याच्या जाडीची खाच पाडायची. मुलगा खिळा ठोकताना चाकाशेजारी ते कार्ड अडकवतो आणि कार्ड आवळायला लागलं की थांबतो. फट आपोआप बरोबर येते. तिसरं, ठोकळा न हलता धरणारा एक पाट, पुढे-मागे पट्ट्या मारलेला, म्हणजे कापताना मुलाचा हात करवतीसमोर येत नाही.

हे तिन्ही करायला बाबांच्या दोन संध्याकाळी जातील आणि त्यांचे हात भरपूर चालतील. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतोय. बापाच्या हातांनाही काम हवं असतं. "तुम्ही नुसतं बघा, हात लावू नका" असं सांगितलं की दहा मिनिटांत तो मुलाच्या हातातून कानस काढून घेतो. त्याला वाईट बाप म्हणू नका. त्याला करण्यासारखं काही दिलेलं नसतं, एवढंच.

मी हे कुठून शिकलो तेही सांगायला हवं. १९९८ साली माझा मुलगा चौथीत होता. शाळेच्या प्रदर्शनात अशाच गाड्यांची शर्यत ठेवली होती. मी ठोकळा कंपनीत घेऊन गेलो आणि जेवणाच्या सुट्टीत तीन दिवस त्यावर काम केलं. शिवणीचं लाकूड, कड न् कड तासलेली, लेथवर फिरवलेली चाकं, वर वॉर्निशचे तीन हात. प्रदर्शनाच्या सकाळी मी त्याला म्हणालो, "वॉर्निश अजून ओलं आहे, हात लावू नकोस." तो रिक्षात दोन्ही हात पाठीमागे धरून बसला. गाडी पहिली आली. परीक्षक बाईंनी मायेने विचारलं, "बाळा, चाक कसं बसवलंस रे?" त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नजरेने काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. तो गप्प राहिला. बाईंनी त्याच्या डोक्यावर हात फिरवला आणि पुढे गेल्या. ती ढाल आमच्या शोकेसमध्ये बरीच वर्षं होती, पण त्याने ती कधी कोणाला दाखवली नाही. आणि त्यानंतर तो माझ्या पटाश्यांच्या खोक्याजवळ आला नाही. मी शेकडो पोरांना रंधा धरायला शिकवलं, घरातलं पोर राहिलं. हे मी आजही सहज बोलू शकत नाही.

पालकांनी या खेळात येणं हे काही नंतर घुसलेलं खूळ नाही. ही शर्यत जिथे सुरू झाली तिथे ती मुळातच बाप आणि मुलासाठी होती. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचला डॉन मर्फी नावाचे गृहस्थ विमानं बनवणाऱ्या नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन कंपनीत कामाला होते आणि लहान मुलांच्या कब स्काउट पथकाचे प्रमुख होते. त्यांच्या मुलाला सोप बॉक्स डर्बीत, म्हणजे स्वतः आत बसून उतारावरून गाडी हाकायच्या शर्यतीत भाग घ्यायचा होता, पण वय कमी पडत होतं. म्हणून त्यांनी छोट्या गाड्यांची शर्यत काढली: पाइनचा ठोकळा, चार खिळे, चार चाकं. पहिली शर्यत १५ मे १९५३ ला झाली आणि तिला पाइनवुड डर्बी म्हणतात. बाप-मुलाने एकत्र बसावं, हाताने काहीतरी नीट करावं आणि खिलाडूपणे हरावं-जिंकावं, ही त्यांची इच्छा होती. ठोकळा सात इंच लांब, पावणेदोन इंच रुंद, सव्वा इंच जाड आणि गाडीचं वजन पाच औंसांपर्यंत, म्हणजे १४१ ग्रॅमच्या थोडं वर, ही तिथली मापं आम्ही तशीच ठेवली आहेत.

आणि मोठ्यांचा हात कुठपर्यंत जाऊ शकतो हेही तिथेच दिसलं. सोप बॉक्स डर्बीची मोठी शर्यत ओहायोतल्या अॅक्रनला होते. १९७३ साली तिथे १४ वर्षांचा एक मुलगा जिंकला. त्याच्या गाडीच्या वेगात काहीतरी विचित्र होतं. सुरुवातीला गाडी झटक्यात सुटायची आणि प्रत्येक फेरीगणिक वेळ थोडी वाढत होती. तपासलं तेव्हा गाडीच्या नाकात इलेक्ट्रोमॅग्नेट निघालं. डोकं मागे टेकवलं की चालू व्हायचं. सुरुवातीला गाड्या अडवणारी लोखंडी पट्टी खाली पडताना चुंबक तिच्याबरोबर गाडीला पुढे ओढून घ्यायचं. बॅटरी उतरत गेली तशी वेळ वाढत गेली. ही शक्कल मुलाच्या घरातल्याच एका मोठ्या माणसाची होती. विजेतेपद काढून घेतलं गेलं आणि बदनामी त्या मुलाला चिकटली. मी ही हकीकत आमच्या पालकांच्या बैठकीत दरवर्षी सांगतो. ऐकताना सगळे मान हलवतात. मग मी विचारतो, रात्री एक वाजता मूल झोपलेलं असताना तुम्ही गाडी घासत होतात, ते यापासून किती लांब आहे? तेव्हा हॉलमध्ये शांतता होते.

आपल्याकडे हे नवीन आहे असंही समजू नका. दिवाळीचा किल्ला बघा. आम्ही पोरं माती कालवून, गोणपाट टाकून, अळीव पेरून किल्ला करायचो. तो वाकडा असायचा, बुरूज ढासळायचा, पण मावळा कुठे ठेवायचा यावरून भांडण आमचं असायचं. आता तयार किल्ले विकत मिळतात, आणि स्पर्धा असेल तर बाबा मंडळी थर्माकोल कापत बसलेली दिसतात. माझं बालपण निफाडकडचं. तिथे ज्वारीच्या धांड्यांची बैलगाडी करायचो. धांड्याचा गाभा मऊ, साल कडक. जोडायला बाभळीचे काटे. शेतात गेलेल्या बापाला वेळ नव्हता, पण बांधावर बसलेले आजोबा सांगायचे, "हिरवं धांडं घेऊ नको, वाळलं की आक्रसतं." एवढं एकच वाक्य. कोणतं धांडं घ्यायचं ते आमचं आम्ही हुडकायचो. ते वाक्य हेही एक जिगच होतं, हे मला पन्नाशीनंतर कळलं.

माझी सून डी.एड. झालेली आहे. तिने मला एका जुन्या प्रयोगाबद्दल सांगितलं. १९७६ साली वुड, ब्रूनर आणि रॉस या तिघांनी तो प्रसिद्ध केला. तीन ते पाच वर्षांची ३० मुलं आणि एकमेकांत बसणारे २१ लाकडी ठोकळे, त्यांचा मनोरा करायचा. शिकवणारी बाई शेजारी. ती मूल अडलं की थोडी जास्त मदत करायची, जमलं की मागे सरकायची. या मदतीला त्यांनी बांधकामाच्या परांचीचा शब्द दिला. मी हे ऐकलं आणि म्हटलं, अगं, आमच्या शॉपमध्ये उमेदवाराला असंच तर शिकवायचे. पहिला महिना उस्ताद हात धरून कानस चालवतो, दुसऱ्या महिन्यात बोटाने दाखवतो, पुढे नुसता खाकरतो.

आता तुमच्या कामाचं. नऊ वर्षांच्या मुलाला काय झेपतं? कानस, पॉलिश पेपर आणि बारीक पात्याची आरी ही त्याची हत्यारं, ठोकळा क्लॅम्पमध्ये पक्का आवळलेला असेल तर. हँड ड्रिल जिगमधून, बाबा शेजारी उभे असताना. हातकरवतीने लांब काप अजून नको, तो बाबांनी द्यावा, पण पेन्सिलची रेघ मुलाने मारलेली हवी आणि त्या रेघेवरच कापायचं. रेघ वाकडी असली तरी. इथे बापांचा हात शिवशिवतो, "जरा सरळ करतो" म्हणतात. करू नये. रंधा आणि पटाशी बारा-तेरा वर्षांच्या आधी मी देत नाही. ग्राइंडर, जिगसॉ, विजेचं ड्रिल ही मोठ्यांचीच हत्यारं, त्यात वयाचा वाद नाही. सहा-सात वर्षांचं धाकटं असेल तर त्याला खिळे घासणं, रंग आणि चाक फिरवून आकडे मोजणं द्यावं.

लाकूड विकत आणायला फार खर्च नाही. पण गाडीला साग घेऊ नका. घरात पडलेला असतो म्हणून लोक तोच उचलतात. वर सांगितलेल्या मापाचा सागाचा ठोकळा कापायच्या आधीच १६० ग्रॅमच्या आसपास जातो, म्हणजे मुलाचं निम्मं काम वजन कमी करण्यात संपतं. पाइनचा किंवा शिवणीचा तेवढाच ठोकळा साधारण ११५ ते १२५ ग्रॅम भरतो आणि कानसीला मऊ असतो. वखारीत पाइन मिळतंच. एमआयडीसीत परदेशी मशिनरी येते त्या पॅलेटचं पाइनही चांगलं असतं, पण त्यावरचा शिक्का बघून घ्या. एचटी असेल तर लाकूड फक्त तापवून निर्जंतुक केलेलं आहे. एमबी असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. ते मुलांच्या हातात देऊ नका.

वजन हा मुलासाठी सगळ्यात सुंदर भाग आहे, तो कृपा करून बाबांनी खाऊ नये. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा टेबलावर ठेवा, लोखंडी वॉशर आणि नट वाटीत द्या. मासेमारीच्या शिशाच्या गोळ्या नकोत, शिसं मुलांच्या हातात नको. सांगा की मर्यादा १४१ ग्रॅम आहे, वॉशर कुठे बसवायचे ते तू ठरव. तो बहुतेक पुढे बसवेल. पुढे जड म्हणजे पुढे पळेल, असं सगळ्याच मुलांना वाटतं. मलाही वाटलं होतं. बसवू द्या. गाडी सोडू द्या, वेळ लिहू द्या. मग तेच वॉशर मागे चिकटवून सोडू द्या. सुरुवातीला गाडी उतारावर तिरकी उभी असते, शेपूट वर असतं. उतार तीस अंशांचा असेल तर वजन एक इंच मागे नेलं की ते अर्धा इंच जास्त उंचीवरून खाली येतं, आणि तेवढी जास्तीची ओढ मिळते. फार मागे नेलं तर पुढची चाकं उचलली जातात आणि गाडी डुलते. पेन्सिलवर गाडी तोलून बघायची, मागच्या आसाच्या साधारण इंचभर पुढे तोल आला की झालं. हे तुम्ही आधीच सांगून टाकलंत तर त्याला एक माहिती मिळेल. त्याने दोन आकडे शेजारी लिहून पाहिले तर तो ते तुम्हाला सांगेल, मग आजीला, मग वॉचमनकाकांना.

वंगणाला तेल नको. खोबरेल, मशीनचं तेल, काहीच नको. धूळ धरतं आणि चिकट होतं. ग्रॅफाइटची पावडर मिळाली तर उत्तम, नाहीतर शिसपेन्सिल. नावात शिसं आहे, आत ग्रॅफाइटच असतं. सहा किंवा आठ बीची मऊ पेन्सिल खिळ्यावर गिरवायची.

तुमच्या सोसायटीच्या मंडळींशीही बोला, कारण हे एका घराचं काम नाही. तुमच्या मुलाचा राग रास्त आहे. त्याला नऊ वर्षांच्या मुलांशी शर्यत सांगितली आणि चाळिशीच्या इंजिनिअरांशी लावली. "आम्ही हात लावला नाही" हे तुमचं धोरण प्रामाणिक होतं, पण त्यात त्याची बाजू एकट्याची पडली. आणि ज्या घरात हत्यारं नाहीत, बाप पाळीला आहे किंवा बापच नाही, त्या पोराचं काय होतं तेही मंडळींना विचारायला सांगा. आम्ही शेवटी असं केलं: चाकं आणि खिळे सगळ्यांना एकाच पिशवीतून, गाड्या दोन रविवारी हॉलमध्येच करायच्या, आणि मधल्या आठवड्यात त्या आमच्या कपाटात कुलपात. घरी जात नाहीत. पहिल्या वर्षी दोन वडील रागावून गेले. दुसऱ्या वर्षी त्यातले एक परत आले आणि आता तेच ड्रिलच्या टेबलावर उभे असतात, इतरांच्या मुलांसाठी.

वजन करायच्या टेबलावर मी मुलाला विचारतो: वजन कुठे ठेवलंस आणि का, सगळ्यात अवघड काय गेलं, पुन्हा केलीस तर काय बदलशील? आईबाबा दोन पावलं मागे. ज्याने गाडी केली तो तिसऱ्या प्रश्नाला थांबत नाही, "काका, हे चाक ना..." म्हणून सुरूच होतो. गाडी वगळत नाही मी कोणाची, नुसतं विचारतो. पण पुढच्या वर्षी हे प्रश्न येणार हे घराघरांत माहीत असतं. फेऱ्याही बाद पद्धतीने घेत नाही. चारही पट्ट्यांवरून प्रत्येक गाडी एकेकदा पळते आणि चार वेळांची बेरीज करतो. एक पट्टी जरा संथ असते, ते अन्यायाचं होत नाही, आणि कोणतंही मूल तीन सेकंदांत घरी जात नाही. गाडी ट्रॅकवर मुलानेच ठेवायची, मोठे दोरीच्या पलीकडे. आणि ज्यांना स्वतःची गाडी पळवायचीच आहे त्यांच्यासाठी शेवटी मोठ्यांची शर्यत. तिला वजनाची मर्यादा सोडून नियम नाहीत. अमेरिकेतही पुष्कळ ठिकाणी अशी खुली फेरी असते. मागच्या वर्षी एका आजोबांची गाडी त्यात पहिली आली आणि त्यांचा नातू सगळ्यांना सांगत होता की खिळे त्यांनी माझ्याकडून घासून घेतले.

मुलाने "बाबांनाच करू दे" म्हटलं, त्याला लगेच "नाही, तूच कर" असं उत्तर देऊ नका. त्याला वाटेल पुन्हा एकटं सोडतायत. त्याला वाईट वाटलंय, आणि त्याला बाबा हवे आहेत. दोन्ही खरं आहे.

ती जुनी गाडी टाकून दिली नसेल तर या रविवारी काढा. हॉलमधल्या दोन फुटी लाद्यांवर, सांध्याच्या रेषेला धरून, चार लाद्या मोजा आणि त्याला गाडी हलकेच ढकलू द्या. कुठे थांबली आणि रेषेपासून किती सरकली ते खडूने मांडू द्या. मग खिळे पक्कडीने किंचित बाहेर काढा, कार्डाएवढी फट येईपर्यंत, आणि पुन्हा सोडायला सांगा. पहिल्या खडूच्या खुणेच्या पुढे गाडी गेली की तोच विचारेल, आता सरळ कशी करायची. तेव्हा बाबांना जिगसाठी लाकूड शोधायला पाठवा.